चोचीवरची रेघ

संग्रहालयाच्या नव्या सरांनी कामाची यादी वाचून संपवली तेव्हा ताईनं ब्रश पाण्याच्या वाटीत असा काही बुडवला की करडं पाणी टेबलभर उडालं. मग तिनंच फडकं घेऊन ते टिपलं, आणि टिपता टिपता, वर न बघता विचारलं,

"तिरंदाज कुणाकडे म्हणालात?"

"तुमच्या बहिणीकडे," सर म्हणाले. "या खेपेला पुस्तकात त्या पक्ष्याला पूर्ण पान द्यायचंय. तुम्ही बदकं घ्या, ताई. आणि मागचे नकाशे. नकाशांना तुमच्यासारखा बसलेला हात लागतो."

बसलेला हात. ताईनं फडकं पिळलं, वाळत घातलं, त्याची चारी टोकं सारखी केली.

"हो, बरोबर आहे," ती म्हणाली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी तिची बहीण पेन्सिलीला टोक काढत होती. तिला सगळे बारकी म्हणत. वय एक्केचाळीस, उंचीनं ताईपेक्षा वीतभर जास्त, तरी बारकीच. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि ताई अठरा. तिच्या वेण्या, तिचा गृहपाठ, तिचा गोवर, सगळं ताईनं निस्तरलं. ब्रश कसा धरायचा तेही ताईनंच शिकवलं, प्रसंगी बोटांवर पट्टी मारून. आणि अकरा वर्षांपूर्वी संग्रहालयात चित्रकाराची दुसरी जागा निघाली तेव्हा अर्ज आणून देणारीही ताईच.

संग्रहालयाचं पाणपक्ष्यांचं पुस्तक निघालं त्याला बावीस वर्षं झाली होती. त्यातली चौसष्टच्या चौसष्ट चित्रं ताईची. आता मोठ्या आकारात नवी आवृत्ती निघायची होती. बरीचशी चित्रं तीच राहणार होती, दहाबारा नव्यानं करायची होती. नवे सर येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. "जुन्या तिरंदाजाची मान जरा छत्रीच्या दांड्यासारखी झालीय," असं ते संपादकबाईंना दारात उभं राहून सांगत होते, ते ताईनं ऐकलं होतं. त्या दोघांना वाटलं ती आत नाही. ती आत होती. कपाटाच्या उघड्या दाराआड होती.

त्या दुपारी बारकीनं नमुन्यांच्या कपाटाचा खालचा खण ओढला. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. पांढऱ्या कापडावर पेंढा भरलेला तिरंदाज आडवा झोपवलेला होता, पायाला चिठ्ठी बांधलेला. तिनं दोन्ही हातांनी त्याला असं उचललं की जणू झोपलेलं मूल एका खाटेवरून दुसरीवर न्यायचंय.

"ताई, हे बघ ना," ती म्हणाली. "पाठीवरच्या या रुपेरी रेघा. प्रत्येक पिसाला एकच, मधोमध. आणि पाय बघ. बदकाची तीन बोटं जोडलेली असतात, याची चारही."

"माहीत आहे मला. मी काढलाय तो."

"हो ग. मी आपलं म्हटलं."

बारकी भिंग घेऊन तासभर त्या पक्ष्यावर वाकून राहिली. चोचीच्या कडेचे करवतीसारखे बारीक दाते तिनं नखानं चाचपले. एकदा तिनं डोक्यातला एक केस उपटला आणि तो चोचीच्या मुळाशी काहीतरी शोधत हळूहळू फिरवला. ताई बदकांची यादी करत होती. यादीत एक बदक तिनं दोनदा लिहिलं.

रविवारी सकाळी दोघी तलावावर गेल्या. ताई खरं तर जाणार नव्हती. "तू ये ना, मला एकटीला दुर्बिणीतून काही दिसत नाही," असं बारकी म्हणाली. हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे ताईला कळत होतं. तरी तिनं चहाचा थर्मास भरून घेतला.

तासभर काहीच दिसलं नाही. मग पाण्यातून एक मान वर आली. नुसती मान. खाली अंग असेल असं वाटूच नये. सापानं पाण्याबाहेर डोकं काढावं तशी ती इकडे वळली, तिकडे वळली आणि आवाज न करता बुडाली. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा चोचीवर एक मासा आडवा भोसकलेला होता. पक्ष्यानं मानेला झटका देऊन मासा हवेत उडवला, डोक्याकडून झेलला आणि गिळला. मासा गळ्यातून खाली जाताना ती बारीक मान फुगत फुगत गेली. मोज्यातून लिंबू सरकावं तशी.

"बघितलंस?" बारकी कुजबुजली. "मानेत मध्येच ती घडी आहे ना, आठव्या मणक्याला, ती आधी दुमडून ठेवतो. चाप ओढल्यासारखी. मग सोडतो."

ताईला घडी दिसली नव्हती. झटका दिसला होता, घडी नाही. तिनं थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

पक्षी एका बुडालेल्या झाडाच्या फांदीवर चढून बसला. त्याची पिसं पाणी पितात. बदकासारखं पाणी त्यांच्यावरून ओघळून जात नाही. म्हणून तो पंख आणि शेपटी पसरून उन्हात उभा राहिला, दोरीवर वाळत टाकलेल्या सदऱ्यासारखा. बारकीनं वही गुडघ्यावर घेतली. ताईनं मोजलं: बारा रेघा. तेराव्या रेघेला बारकी थांबली, कारण तेराव्या रेघेची गरजच नव्हती. कागदावर मान होती, तिच्यातला तो बाक होता, आणि कुठल्याही क्षणी ती सुटेल असं वाटत होतं.

ताईच्या मनात आलं, हिला हे कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. मी पिसं मोजायला शिकवलं, सावली कुठे संपते ते शिकवलं, ओला रंग कोरड्याला कधी लावायचा ते शिकवलं. हे जे आहे ते हिनं कुठून आणलं, आणि आणलं तर आपल्या घरातूनच कसं आणलं, की मला कधी सापडलं नाही?

"चहा घे," ती म्हणाली. "निवेल."

चित्राला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ताईनं बदकांची दोन पानं पुरी केली आणि नकाशांना हात लावला नाही. शिपाईसुद्धा बारकीच्या टेबलापाशी रेंगाळायला लागला. संपादकबाई तर रोज यायच्या. "अगबाई, हा तर माझ्याकडेच बघतोय!" असं एकदा म्हणाल्या, आणि ताईच्या बदकांवरून नजर न फिरवता तशाच निघून गेल्या.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, बारकीनं चित्र ताईच्या टेबलावर आणून ठेवलं. हा जुना शिरस्ता होता. बारकीचं कुठलंही चित्र ताईच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे, आणि ताईच्या नजरेखालून एकही चित्र नुसतं गेलेलं नव्हतं. अकरा वर्षांत तिनं प्रत्येकात काहीतरी चूक काढली होती. पाय जड झालाय. सावली घाणेरडी पडलीय. डोळ्यातला पांढरा ठिपका एवढा मोठा कुठं असतो का? बारकी निमूटपणे ऐकायची आणि बहुतेक वेळा दुरुस्त करायची.

ताईनं चष्मा चढवला. डोळ्यापासून निघून मानेवरून उतरणारा फिकट पट्टा पाहिला. आठव्या मणक्याची घडी पाहिली. रुपेरी रेघा पाहिल्या. मग चोचीवर आली आणि थांबली.

चोचीला नाकपुडी नव्हती.

टोकदार, सरळ, पिवळसर चोच. कडेला बारीक दाते. आणि मुळाशी, जिथं प्रत्येक पक्ष्याला एक छोटी फट असते, तिथं काहीच नव्हतं. कोरं. ताईनं भिंग घेतलं. कोरंच. विसरली होती. नऊ दिवस खपली आणि नाकपुडीच विसरली.

ताईच्या छातीत काहीतरी सैल झालं. मोकळं झालं म्हणावं इतकं सैल. बगळा असो, बदक असो, कुठल्याही चोचीवर ती रेघ शेवटी यायची, नुसत्या ब्रशच्या टोकानं. आणि हिनं ती काढलीच नव्हती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. खात्री करायची तर कपाट दहा पावलांवर होतं.

ती उठली नाही.

"छान झालंय," ती म्हणाली.

बारकी वाट बघत उभी होती. "आणि?"

"आणि काय? छान झालंय. मान तर फारच छान. असंच जाऊ दे सरांकडे."

बारकी काही क्षण तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं चित्र उचललं, त्यावर पातळ कागद घातला आणि घेऊन गेली. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये ताई खूप बोलली. शेजारणीबद्दल, दुधाबद्दल, गच्चीवरच्या टाकीबद्दल.

शुक्रवारी सकाळी सरांच्या खोलीत सगळे जमले. मोठ्या टेबलावर चित्रं ओळीनं मांडली होती. सरांना भिंगाशिवाय काही बघायची सवय नव्हती. बदकं त्यांनी दोन मिनिटांत संपवली. "उत्तम. ताई म्हणजे बघायलाच नको," असं म्हणाले, म्हणजे खरोखरच फारसं बघितलं नाही. तिरंदाजापाशी त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

त्यांचं भिंग शेपटीवरून निघालं, पाठीवर आलं, मानेच्या मुळाशी आलं. ओठ हलत होते. ते मणके मोजत होते. आठव्यापाशी थांबले, हसले, पुढे गेले. डोळा. चोच. भिंग चोचीच्या मुळाशी येऊन थबकलं.

ताईनं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"इथं नाकपुडी नाही," सर म्हणाले.

"नाही," बारकी म्हणाली.

संपादकबाई पुढे वाकल्या. "अय्या, खरंच की!"

"का नाही?" सरांनी विचारलं. आवाजावरून काही कळत नव्हतं.

"त्याला नसतेच ती, सर. बाहेरून नसते. तोंडानंच श्वास घेतो तो. पाण्याखाली शिकार करायची म्हटल्यावर उघडी भोकं कशाला? मी खणातला नमुना भिंगाखाली बघितला, केस घालून बघितला. कुठंच शिरत नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. असे हसले की त्यांचा चष्मा घसरला.

"बाई, मी तुमची परीक्षा बघत होतो. आजवर किती चित्रं बघितली या पक्ष्याची, त्यातली निम्मी नाकपुडीवाली. सवयीनं काढतात लोक. डोळा बघत नाही, हातच काढून मोकळा होतो." मग हसता हसता त्यांनी शेजारचं जुनं पुस्तक ओढलं, पान उलटलं आणि त्यांचं हसू थांबलं. "आपल्या पुस्तकातही आहे की."

संपादकबाईंनी ताईकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या, ते जास्त वाईट होतं. ताईला आपल्या कानांच्या पाळ्या तापलेल्या कळल्या. बावीस वर्षं. बावीस वर्षं ती रेघ तिथं होती, सगळ्यांसमोर, छापून.

"ती छापखान्यातली रेघ आहे," बारकी म्हणाली.

सरांनी वर बघितलं.

"मूळ चित्रात नाहीये ती. छापताना काहीतरी पडलं असणार. जुन्या छपाईत व्हायचं असं."

"असं? मूळ चित्र आहे का?"

"घरी आहे. ताईच्या कपाटात."

"मग सोमवारी आणाल का, ताई? प्रस्तावनेत जुन्या चुकांची नोंद द्यायची आहे. चूक चित्रकाराची नसेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं."

"आणते," ताई म्हणाली.

बसमध्ये दोघींना वेगवेगळ्या बाकांवर जागा मिळाली. ताईला ते बरं वाटलं. तिच्यापुढे बारकीचं डोकं हलत होतं. मागच्या बाजूला केस पांढरे व्हायला लागले होते, ते ताईनं आधी बघितलं नव्हतं.

घरात शिरल्यावर चप्पलही न काढता ताई म्हणाली, "खोटं कशाला बोललीस? सोमवारी काय दाखवू मी त्यांना? माझं डोकं?"

"तू चित्र काढ तर कपाटातून."

"काढून काय बघायचंय? मीच काढलीय ती रेघ. आठवतं मला."

"काढ तर," म्हणत बारकी स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

ताईनं कपाटाच्या वरच्या फळीवरून कापडी बस्ता काढला. चौसष्ट चित्रं, क्रमानं. तिरंदाज एकोणतिसावा. वरचा कागद बाजूला केला.

रेघ नव्हती.

तिनं दिवा लावला. भिंग आणलं. चित्र खिडकीपाशी नेऊन उजेडाला तिरकं धरलं. खरवडल्यावर कागदाचा पोत उठतो, रंग त्या जागी जास्त बसतो, डाग पडतो, हे तिला चांगलं माहीत होतं. रेघा काढून टाकायचा प्रयत्न तिनंही आयुष्यात कमी केला नव्हता. पण इथं काही दिसत नव्हतं. चोचीचा पिवळा रंग मुळापासून टोकापर्यंत एकसारखा गेला होता. तिचाच पिवळा, तिच्याच ब्रशच्या वळणाचा. बोट फिरवलं, तरी बोटाला काही लागलं नाही.

आधी डोळे भरून यायला हवे होते. आले नाहीत. आधी मनात आलं ते हे, की मला एवढं साफ कधी जमलं नसतं. माझ्याच चित्रात, माझ्याच हातासारखा हात करून, मला पत्ता लागू न देता. ताईनं चित्र खाली ठेवलं आणि खाटेच्या कडेवर बसून राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बऱ्याच वेळानं तिला जाणवलं, चप्पल अजून पायातच आहे.

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. बारकी पाठमोरी, कांदा चिरत होती.

"केव्हा केलंस?"

"मी नोकरीला लागले त्या वर्षी. नमुना बघितला आणि लक्षात आलं. तुला सांगायला दोनदा आले होते. मग त्याच आठवड्यात बाबा गेले. राहूनच गेलं. म्हटलं, कधी कुणी मूळ चित्र मागितलंच तर..."

"आणि आता? आता माझ्यासारखीच काढली असतीस एक रेघ. कुणाला कळणार होतं?"

"त्याला नाहीये ना ग ती, ताई," बारकी म्हणाली. सुरी थांबली. "मला वाटलं, मंगळवारी तू विचारशील. का नाही काढलीस म्हणून. मग तुला आधी सांगता आलं असतं. दोघींनी मिळून सरांना सांगितलं असतं."

ताईनं चौकटीला हात टेकला.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "मंगळवारीच. मला वाटलं तू विसरलीस. आणि मी मुद्दाम बोलले नाही."

"माहीत आहे."

"कसं माहीत आहे?"

बारकीनं मनगटानं डोळे पुसले. कांदा तिखट होता.

"कौतुक केलंस," ती म्हणाली.

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. बारकीनं आच कमी केली. ताईनं वाकून एकेक चप्पल काढली आणि हातात धरून बाहेर नेऊन ठेवली. परत आली तेव्हा तिचा आवाज रोजचा होता, म्हणजे जवळजवळ रोजचा.

"सोमवारी चित्र मी नेते. पण रेघ माझी होती आणि ती तू काढून टाकलीस, हे मी सांगणार आहे. मध्ये बोलायचं नाही."

"बरं."

"छापखान्यावर कशाला आळ घालायचा? बिचारे कधीच बंद पडलेत."

"बरं म्हटलं ना."

जेवणं झाल्यावर बारकी ताटं विसळत होती तेव्हा ताईनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. त्यावर जाड कागदाचा एक तुकडा ठेवला, त्यावर शाईनं एक रेघ ओढली, आणि ती वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

"कशानं खरवडलंस?" तिनं विचारलं.

"दाढीच्या पात्यानं. अर्धं मोडून. मग चमच्याच्या पाठीनं घोटायचं."

"दाखव."

बारकीनं हात पुसले. पातं आणलं, चमचा आणला, दिवा जवळ ओढला आणि कागदावर वाकली. ताईनं खुर्ची सरकवून तिच्या शेजारी घेतली. पातं रेघेवरून इतकं हलकं फिरत होतं की कागदाला त्याचा स्पर्श होतोय की नाही तेच कळेना. शाईचा काळा रंग राखाडी झाला, मग धुरकट.

ताई दिव्याखाली आणखी वाकली.

"फार आडवं धरतेस," ती म्हणाली.

पातं बरोबर धरलेलं होतं. बारकीनं तरी ते जरासं उभं केलं.